मरियाभक्ती, अँग्लिकन पंथातील

येशू ख्रिस्ताची माता कुमारी मरिया हिच्याविषयी अँग्लिकन ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेत व श्रद्धेत आढळणारा आदरभाव आणि त्याचे आविष्कार. प्राचीन ख्रिस्ती परंपरा व सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा या दोहोंचा वारसा ह्या पंथाकडे असल्यामुळे मरियेच्या स्थानाविषयी त्यात एकवाक्यता नाही. मरिया आदरणीय आहे, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु तिला उद्देशून प्रार्थना करावी की नाही, हा चार शतकांहून अधिक काळ वादाचा विषय राहिला आहे. देव व मानव यांच्यामधील एकमेव मध्यस्थ ख्रिस्तच होय, ह्या बायबलमधील शिकवणीला अशा प्रार्थनेमुळे बाध येतो काय, हा त्या वादाचा गाभा होय.

श्रद्धेचा पाया : ख्रिस्ताचा जन्म कुमारी मरियेच्या पोटी झाला, हे विधान अँग्लिकन उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन श्रद्धाप्रकटनांत अंतर्भूत आहे. इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथील धर्मपरिषदेने मरियेला ‘देवमाता’ (थिओटोकॉस) ही संज्ञा मान्य केली. जन्मास आलेला येशू हा खरोखर देवच होता, हे सांगणे हा त्या संज्ञेचा मुख्य हेतू होता. म्हणजेच ती संज्ञा मरियेइतकीच ख्रिस्ताविषयीही आहे. पहिल्या चार सार्वत्रिक धर्मपरिषदांचा अधिकार मानणाऱ्या अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली. तथापि बायबलमध्ये नसलेली किंवा त्यावरून सिद्ध न होणारी कोणतीही गोष्ट तारणासाठी आवश्यक मानू नये, असे पंथाच्या एकोणचाळीस धर्मकलमांपैकी सहावे कलम सांगते. मरियाविषयक प्रत्येक मताची कसोटी या कलमावर लागते.

धर्मसुधारणेचा काळ : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मरियाभक्तीला मोठा बहर आला होता. नॉरफोकमधील वॉल्सिंगम हे तिचे प्रमुख तीर्थक्षेत्र. तेथील नाझरेथच्या घराची प्रतिकृती १०६१ मध्ये एका सरदारस्त्रीला झालेल्या दृष्टांतानुसार उभारली गेली, अशी आख्यायिका आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत (१५०९–४७) मठांचे विसर्जन झाले. १५३८ मध्ये वॉल्सिंगमचे तीर्थस्थान मोडण्यात आले आणि तेथील मूर्ती जाळण्यात आली.

प्रार्थनेतील बदल मात्र टप्प्याटप्प्याने झाला. आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याने १५४४ मध्ये तयार केलेल्या इंग्रजी लिटनीत (याचनामालेत) मरियेला केलेली विनंती शिल्लक होती. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ती गाळली गेली. त्याच पुस्तकातील प्रभुभोजनाच्या प्रार्थनेत मरियेबद्दल देवाचे आभार मानलेले होते. १५५२ च्या आवृत्तीतून तेही काढून टाकण्यात आले. संतांचा धावा करणे हे निराधार असून बायबलच्या विरुद्ध आहे, असे बाविसाव्या धर्मकलमाने घोषित केले.

प्रार्थनापुस्तकातील मरिया : असे असूनही मरियेचे स्मरण उपासनेतून नाहीसे झाले नाही. लूकच्या शुभवर्तमानातील मरियेचे स्तोत्र (मॅग्निफिकॅट) सायंप्रार्थनेत नित्य म्हटले जाऊ लागले. गर्विष्ठांना खाली ओढणाऱ्या व दीनांना उंचावणाऱ्या देवाची ही स्तुती टॉमस टॅलिस, विल्यम बर्ड यांच्यापासून चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड याच्यापर्यंत अनेकांनी संगीतबद्ध केली. या स्तोत्राद्वारे उपासक मरियेला उद्देशून नव्हे, तर मरियेच्या शब्दांत देवाला उद्देशून बोलतो. अँग्लिकन भक्तीचा हा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

सणांच्या बाबतीत २ फेब्रुवारीचा शुद्धीकरणाचा आणि २५ मार्चचा देवदूताच्या संदेशाचा असे दोन सण प्रमुख म्हणून राहिले. हे दोन्ही सण ख्रिस्ताच्या चरित्राशी निगडित आहेत. इंग्लंडमध्ये २५ मार्च हा दिवस १७५१ पर्यंत कायदेशीर वर्षारंभ मानला जाई. मरियेची भेट, जन्म व गर्भसंभव यांचे दिवस १५६१ मध्ये गौण दिवस म्हणून पंचांगात परत आले. १५ ऑगस्टचा स्वर्गोन्नयनाचा सण मात्र वगळलेलाच राहिला.

पुनरुज्जीवन : सतराव्या शतकात लॅन्सलॉट अँड्रूझ याच्या खाजगी प्रार्थनांत मरियेचे आदरपूर्वक स्मरण आढळते. अँटनी स्टॅफर्ड याने १६३५ मध्ये मरियेचे चरित्र लिहिले, तेव्हा प्यूरिटनांनी त्यावर कडक टीका केली. ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी चर्चच्या द्वारमंडपावर १६३७ मध्ये बसविलेली मरिया व बालयेशू यांची मूर्ती ही पुढे आर्चबिशप विल्यम लॉड याच्यावरील खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली गेली.

१८३३ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीने प्राचीन परंपरेकडे लक्ष वेधले. पण तिच्या धुरीणांतही सावधपणा होता. जॉन कीबल याने मरियेवर रचलेली एक कविता मित्रांच्या सल्ल्यावरून १८४६ च्या आपल्या संग्रहातून वगळली. ई. बी. प्यूसी याने १८६५ मध्ये रोमन कॅथलिक मरियाभक्तीतील अतिरेकावर आक्षेप घेतले. त्यास रोमन कॅथलिक झालेल्या जॉन हेन्री न्यूमन याने पुढच्याच वर्षी उत्तर दिले. या चळवळीतून वाढलेल्या अँग्लो-कॅथलिक गटात पुढे जपमाळ, देवदूताच्या संदेशाची प्रार्थना व मरियेच्या मूर्ती रूढ झाल्या.

वॉल्सिंगमचा धर्मगुरू आल्फ्रेड होप पॅटन याने १९२२ मध्ये तेथील चर्चमध्ये मरियेची मूर्ती पुन्हा बसविली. नॉरिचच्या बिशपने हरकत घेतल्यावर तिच्यासाठी स्वतंत्र देवालय बांधण्यात आले आणि १९३१ मध्ये मूर्ती तेथे नेण्यात आली. १९८० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी येथील राष्ट्रीय यात्रेत सहभागी झाले. या यात्रेच्या वाटेवर निषेध करणारे प्रॉटेस्टंटही उभे असत. पंथांतर्गत मतभेदाचे ते दृश्य रूपच होय.

धाव्याचा प्रश्न : या संदर्भात प्रार्थनेचे तीन प्रकार वेगळे करावे लागतात. मरियेच्या जीवनाबद्दल देवाचे आभार मानणे, हा पहिला. तो सर्वांना मान्य आहे. मरियेच्या व संतांच्या प्रार्थनांचा आपल्याला लाभ व्हावा, अशी देवाजवळ याचना करणे, हा दुसरा. अनेक मध्यममार्गी अँग्लिकनांना तो ग्राह्य वाटतो. ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असे थेट मरियेला विनविणे, हा तिसरा. खरा वाद त्याविषयीच आहे. जिवंत सोबत्याला प्रार्थना करण्यास सांगावे तसेच हे आहे, कारण ख्रिस्ताशी जोडलेल्यांमधील ऐक्य मृत्यूने तुटत नाही, असे समर्थक म्हणतात. मृतांना उद्देशून प्रार्थना करण्यास बायबलमध्ये आधार नाही आणि सामान्य भाविकाचे लक्ष त्यामुळे ख्रिस्तावरून ढळते, असे इव्हँजेलिकल गटाचे म्हणणे आहे.

आधुनिक संवाद : मरियेचा निष्कलंक गर्भसंभव (१८५४) व सदेह स्वर्गोन्नयन (१९५०) हे रोमन कॅथलिक पंथाने घोषित केलेले सिद्धांत अँग्लिकनांवर बंधनकारक नाहीत. दोन्ही पंथांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात या सिद्धांतांतील शिकवण बायबलशी सुसंगत मानता येईल, असे म्हटले. परंतु अशी शिकवण अनिवार्य ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहिला. चर्च ऑफ इंग्लंडच्या २००० सालच्या ‘कॉमन वर्शिप’ या उपासनाग्रंथात १५ ऑगस्ट हा मरियेचा प्रमुख सण आहे; मात्र स्वर्गोन्नयनाचा उल्लेख त्यात टाळला आहे. २००८ मध्ये आर्चबिशप रोअन विल्यम्स यांनी फ्रान्समधील लूर्द येथे प्रवचन केले.

महाराष्ट्राशी संबंध : पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे समर्पण १८२५ मध्ये कलकत्त्याचा बिशप रेजिनल्ड हीबर याने केले. कुमारी मरियेच्या नावाने १८४८ मध्ये वाँटिज येथे स्थापन झालेल्या अँग्लिकन भगिनीसंघाने १८७७ मध्ये पुण्यात कार्य आरंभिले. याच संघाच्या सहवासात पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या व १८८३ मध्ये वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु बायबल व सदसद्विवेक यांहून चर्चची परंपरा श्रेष्ठ मानण्यास त्यांनी नकार दिला. १९७० मध्ये महाराष्ट्रातील अँग्लिकन चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये विलीन झाले. वांद्रे येथील सुप्रसिद्ध माउंट मेरी ही रोमन कॅथलिक बॅसिलिका असून तिचा अँग्लिकन परंपरेशी संबंध नाही.