इटालियन जेवण वाटून खाताना

काल न्यूयॉर्कमध्ये मैत्रिणीबरोबर ‘फॅमिली स्टाइल’ इटालियन जेवले. वेटरनं आधीच बजावलं, एक पास्ता चौघांना पुरतो!

ही परातभर वाढायची पद्धत अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन लोकांनी रुजवली. इटलीत पास्ता ज्याच्या त्याच्या ताटलीत येतो, नेपल्समध्ये पिझ्झासुद्धा माणशी एक. वाटून खातात ते मुख्यतः सुरुवातीचं अँटिपास्तो.

‘फॅमिली स्टाइल’ ठिकाणी दोघंच असाल तर एक अँटिपास्तो, एक पास्ता, बस्स. पास्ता आला की गप्पा थांबवा, गार झाला की चिकटतो. मासळीच्या पास्त्यावर चीज मागितलं तर इटालियन माणूस दुखावतो. (मी तरी मागतेच.)

शाकाहारी मंडळींनो, अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

मेनूतलं आणखी काही अडत असेल तर बिनधास्त विचारा.