बाळहिरडा : बाळाचा नव्हे, कोवळा

एप्रिल-मे महिन्यांत जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर-अंजनावळ्यापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंत, घरांच्या अंगणात लहान हिरवी फळं वाळत घातलेली दिसतात. उन्हात ती आक्रसतात आणि काळी पडतात. हाच बाळहिरडा. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या हातात पावसाळ्यापूर्वी जो रोख पैसा येतो, त्यातला मोठा वाटा याचा असतो. बी-बियाणं, पावसाळ्याचा किराणा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो. तरीही शहरात या शब्दाचा अर्थ भलताच लावला जातो, आणि त्या अर्थाबरोबर या मालाची कदरही घटते.

सगळ्यात पसरलेला समज असा की, हा लहान बाळांना द्यायचा हिरडा. बाळगुटीत हिरडा उगाळतात, त्यामुळे गोंधळ होणं स्वाभाविक आहे. पण इथला ‘बाळ’ हा पाळण्यातला नव्हे. संस्कृतात ‘बाल’ हे विशेषण ‘अजून पूर्ण न वाढलेला, नुकता उगवलेला’ या अर्थानेही येतं. बालचंद्र म्हणजे कोवळी चंद्रकोर, बालरवी म्हणजे नुकता उगवलेला सूर्य. लोणच्याची बाळकैरी आपण आजही म्हणतोच. बाळहिरडा त्याच घरचा शब्द आहे. ‘हिरडा’ आला ‘हरीतकी’वरून, प्राकृतातल्या ‘हरडई’च्या वाटेने. नाव ऐकून कुणी तान्ह्याला तो चाटवत असेल तर थांबावं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘बाळहिरड्याचं झाड वेगळं असतं’ हा दुसरा समज. झाड एकच, टर्मिनालिया चेब्युला. फरक फळ कधी उतरवलं याचा. आत आठळी धरण्याआधी काढलेलं फळ म्हणजे बाळहिरडा. त्याहून वाढलेलं, पण पुरतं न पिकलेलं, ते चांभारी हिरडा. कातडी कमावण्याच्या कामाची आठवण त्या नावात राहिली आहे. आणि पूर्ण पिकलेलं, पिवळसर, टणक, अंगावर उभे कंगोरे असलेलं फळ म्हणजे सुरवारी हिरडा. भावप्रकाशात विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी असे हरीतकीचे सात प्रकार आहेत. बाळहिरडा हा त्यांतला आठवा नव्हे. ती सात नावं फळाच्या प्रकारांची आहेत, बाळ-चांभारी-सुरवारी ही वाढीच्या पायऱ्यांची.

एक बाळहिरडा फोडून पाहा. बाहेरून सुरकुतलेला, दोन्ही टोकांना निमुळता. आत काळपट आणि सलग भरीव, आठळी नाहीच. सुरवारी फोडला तर वरचा गर निघतो आणि मधला कठीण गोळा फेकावा लागतो. बाळहिरड्यात फेकण्यासारखं काही नसतं, सगळंच कामाला येतं. म्हणून ‘कच्चा, म्हणजे दुय्यम’ हा समज उलटा आहे. बाजारात बाळहिरड्याला मोठ्या हिरड्यापेक्षा बराच चढा भाव मिळतो. फळ अपुरं असलं तरी माल पूर्ण असतो.

‘झाडाखाली पडतो, वेचायचा आणि विकायचा, त्यात कष्ट कसले?’ हे मात्र ऐकवत नाही. हिरड्याचं झाड उंच वाढतं. भर उन्हाळ्यात फांद्यांवर चढून फळं उतरवायची, खाली वेचायची, निवडायची, रोज पसरायची आणि संध्याकाळी गोळा करायची. वाळताना वजन घटतं ते वेगळंच. वळवाचा एक पाऊस आला की बुरशी धरते आणि भाव पडतो. चढताना तोल जाऊन माणसं जायबंदी होतात, जीवही जातात.

‘हिरडा जंगलचा, म्हणजे सरकारचा’ हाही समज खोडायला हवा. या भागातली बरीच झाडं शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत, बांधांवर, पिढ्यान् पिढ्या राखलेली आहेत. जी वनजमिनीवर आहेत, त्यांचं काय? 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी दिली आहे आणि 2006च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजाचा हक्क आदिवासींना दिला आहे. गोळा करणारा तिथे हक्काने जातो.

हा समज किती महागात पडतो ते 3 जून 2020 रोजी दिसलं. निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या डोंगरपट्ट्यात हिरड्याचं मोठं नुकसान केलं. भाताचं नुकसान झालं तर ते पीक म्हणून मोजलं जातं. हिरडा मात्र जंगलचा धरला जातो, म्हणून त्याच्या भरपाईसाठी किसान सभा या शेतकरी संघटनेला पुढची काही वर्षं आंदोलनं करावी लागली.

एक गोष्ट गोळा करणाऱ्यांनाही सांगायला हवी. बाळहिरड्यात रुजण्याजोगं बी नसतं. झाडावरचं प्रत्येक फळ कोवळंच उतरवलं, तर नवी रोपं येणार कुठून? फांदी छाटून फळं काढली, तर पुढच्या वर्षांचं उत्पन्नही जातं. काही झाडं, निदान काही फांद्या, सुरवारीपर्यंत राखाव्या लागतील. पण मे महिन्यात घरात पैसा नसेल तर राखण्याचा उपदेश कुणी ऐकणार नाही. बाळहिरड्याला खात्रीचा भाव मिळाला आणि आदिवासी विकास महामंडळाची खरेदी हंगामाच्या सुरुवातीलाच उभी राहिली, तरच चार फांद्या राखणं परवडेल.

तोवर महसूल खात्याने निदान एक काम करावं : मालकीच्या जमिनीतल्या हिरड्याच्या झाडांची सातबाऱ्यावर नोंद घ्यावी.