कानाने वाचलेली पुस्तके

लंडनला लेकीकडे गेले होते. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसेना, म्हणून तिने आपल्या लायब्ररी कार्डावर मोबाइलवर ऐकायची इंग्रजी पुस्तके काढून दिली.

मिशेल ओबामांचे ‘बिकमिंग’ त्यांच्याच आवाजात आहे, पण तब्बल १९ तास! शिकागोतले बालपण छान. निवडणुका आल्या की डुलकी लागे. ट्रेव्हर नोआचे ‘बॉर्न अ क्राइम’ मात्र काळजाला भिडले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत गोरा बाप, काळी आई हाच गुन्हा. पोलीस दिसले की आईला मुलाचा हात सोडावा लागे. तो खोसा, झुलू स्वतः बोलतो. कागदावर ते कसे ऐकू येणार?

शेवटचे प्रकरण उरले आणि मुदत संपून पुस्तक आपोआप परत गेले. पुढे मोठी रांग! लेकीने छापील प्रत आणून वाचून दाखवली. आईवर गोळी झाडली जाते तिथे तीच थांबली. म्हणाली, “अम्मी, उरलेले उद्या.”