युनिक्ससदृश प्रणालींतील डिस्कनावे

युनिक्स व तिच्या धर्तीवरील संचालन प्रणालींमध्ये संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क '/डेव्ह' या डिरेक्टरीतील विशेष फाइलच्या रूपाने दिसते. या फाइलीत मजकूर नसतो. मुख्य व गौण असे दोन क्रमांक असतात आणि त्यांवरून कर्नेल योग्य ड्रायव्हर व डिस्क ओळखते. लिनक्समध्ये 'एसडीए'चे क्रमांक ८ व ०, तिच्या पहिल्या पार्टिशनचे ८ व १, तर 'एसडीबी'चे ८ व १६ असतात.

== स्थान आणि क्रम ==
जुन्या आयडीई डिस्कांची नावे जागेशी बांधलेली होती: पहिल्या केबलवरील मुख्य डिस्क 'एचडीए', दुय्यम 'एचडीबी'. सोलारिसच्या 'सी०टी३डी०एस२' या नावात कंट्रोलर, टार्गेट, डिस्क आणि स्लाइस असा पूर्ण पत्ताच असतो. लिनक्समधील 'एसडी' नावे मात्र डिस्क सापडण्याच्या क्रमाने दिली जातात आणि हा क्रम पुढच्या वेळी तोच राहील याची हमी नसते.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यातील सर्व्हरवर यंत्रांच्या नोंदी 'एसडीबी'वर आहेत. बॅकअपसाठी तिसरी डिस्क जोडून सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि तीच आधी सापडली, तर ती 'एसडीबी' होते व नोंदींची डिस्क 'एसडीसी'. नवी डिस्क 'एसडीसी'च असणार असे धरून 'डीडी' आज्ञेने तिच्यावर लिहिल्यास ती आज्ञा काहीही न विचारता नोंदी पुसून टाकते.

== उपनावे ==
लिनक्ससाठी २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केलेली 'यूडेव्ह' ही व्यवस्था '/डेव्ह/डिस्क'खाली प्रतीकात्मक दुवे तयार करते. 'बाय-आयडी'मधील नाव डिस्कचे मॉडेल व अनुक्रमांक यांवरून बनते, म्हणून डिस्क दुसऱ्या पोर्टमध्ये लावली तरी सहसा टिकते. 'बाय-पाथ' याच्या उलट आहे: एमआयडीसीतील कारखाना बदलला तरी भूखंड क्रमांक तोच राहतो, तसे हे नाव जागेचे असते, तिथे बसवलेल्या डिस्कचे नव्हे. 'बाय-यूयूआयडी' हे डिस्कचे नसून तिच्यावरील फाइल-प्रणालीचे नाव असते. 'एफएसटॅब' या फाइलीत बहुधा तेच वापरतात, कारण डिस्कांचा क्रम बदलला तरी योग्य फाइल-प्रणाली योग्य ठिकाणी जोडली जाते.

यूयूआयडीही निर्धोक नाही. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यास यूयूआयडीचीही प्रत होते आणि एकाच उपनावावर दोन दावेदार उभे राहतात. एक्सएफएस ही फाइल-प्रणाली अशी दुसरी प्रत पहिलीसोबत जोडण्यास नकार देते. त्यासाठी प्रतीला नवा यूयूआयडी द्यावा लागतो किंवा जोडताना 'नोयूयूआयडी' हा पर्याय वापरावा लागतो.