बैठक आणि बैठका

मराठीतील ‘बैठक’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. घराच्या दर्शनी भागात गादी-तक्के मांडलेले असतात, ती बैठक. आणि आखाड्यात मांड्या भरून येईपर्यंत काढावयाच्या, त्या बैठका. पहिलीत माणूस बसून राहतो, दुसरीत बसतो आणि तत्क्षणी उठतो. शब्दार्थांच्या अभ्यासात आयुष्य घालविलेल्या मला असे वाटते की, आरोग्याचे मर्म या दोन अर्थांमधील अंतरात आहे. बसणे हा दोष नव्हे; न उठणे हा दोष होय.

आपल्या बडोद्याला हे निराळे सांगावयास नको. जुम्मादादांच्या शिष्यत्वातून प्रा. माणिकराव घडले आणि त्यांच्या व्यायाममंदिराने येथील तरुणांना मल्लखांब, लाठी, कुस्तीची गोडी लावली. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला बहुखंडी मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच नगरीत सिद्ध झाला. परंतु या परंपरेची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. आखाडा हा मुख्यतः तरुण पुरुषांचा होता. गृहिणी, कचेरीतील कारकून आणि वृद्ध हे बहुधा त्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. आज व्यायामाची निकड सर्वाधिक आहे ती त्यांनाच.

बैठ्या जीवनाचे दुष्परिणाम शास्त्राने फार पूर्वी दाखविले. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांच्या मानाने जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. कारण समजण्यास अवघड नाही. मांड्यांचे मोठे स्नायू काम करू लागले की रक्तातील साखर वापरतात. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. आपण तासन्‌तास बसतो, तेव्हा ही दोन्ही कामे मंदावतात. म्हणूनच सकाळी फिरून आल्यावर उरलेला दिवस खुर्चीत काढणे हिताचे नाही. मधूनमधून उठले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली वयोमानानुसार प्रमाणे सांगितली आहेत. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. प्रौढांना आठवड्यास 150 ते 300 मिनिटे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. पासष्टी ओलांडलेल्यांनी याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सावरण्याचा सराव करावा. कारण या वयात एक पडणे पुरेसे असते. आम्हां वृद्धांसाठी हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच-दहा वेळा उठणे, हीच आखाड्यातील बैठक होय. मात्र गुडघे वा हृदय दुखणाईत असेल, तर वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा.

आता शाळेविषयी. बैठकांचेच एक भावंड शाळेत ‘उठाबशा’ या नावाने नांदते, आणि ते शिक्षा म्हणून! गोंगाट केला, काढ उठाबशा. गणित चुकले, मैदानाला फेऱ्या मार. शांत बसला तो मात्र शहाणा मुलगा. परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. हालचाल म्हणजे दंड आणि बसणे म्हणजे सद्गुण, हा धडा आपण नकळत शिकवितो व तो मुलांच्या अंगी जन्मभर मुरतो. चाळिशीत चालावयास निघालेल्या माणसाला व्यायाम ही शिक्षा वाटत असेल, तर तिचे मूळ येथे शोधावे लागेल.

दिवंगत शिक्षकांचे स्मरण करणाऱ्या या पुस्तिकेतून माझे शाळेला एवढेच मागणे आहे : खेळाचा तास कोणत्याही सबबीवर दुसऱ्या विषयास देऊ नये, उठाबशांची शिक्षा बंद करावी, आणि दर तासाच्या शेवटी मुलांना व गुरुजनांनाही दोन मिनिटे उभे राहू द्यावे. यास पैसा लागत नाही. बसलेल्याने उठावे, एवढेच लागते.