खारवेल: २४व्या वर्षी राजा झाला, दुसऱ्याच वर्षी फौज वैनगंगेवर आली होती का?

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वाहणारी वैनगंगा दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका स्वारीत येते, असं काही अभ्यासक मानतात. ही स्वारी होती कलिंगचा, म्हणजे आजच्या ओडिशाचा, तरुण राजा खारवेल याची.

खारवेल कोण होता?

भुवनेश्वरजवळ उदयगिरीवर हाथीगुंफा ही गुहा आहे. तिथल्या १७ ओळींच्या प्राकृत लेखात त्याच्या कारकिर्दीचा वर्षवार हिशेब दिलाय. १५ वर्षं बालपणाचे खेळ, मग लेखन, नाणी, हिशेब आणि न्यायव्यवहाराचं शिक्षण, ९ वर्षं युवराजपद आणि २४ वर्षं पूर्ण होताच राज्याभिषेक. काळ साधारण इ.स.पूर्व दुसरं किंवा पहिलं शतक.

पहिल्या वर्षी त्याने युद्ध केलं नाही. वादळात पडलेल्या राजधानीच्या वेशी आणि तटबंदी दुरुस्त केली.

मग वैनगंगा कुठून आली?

दुसऱ्या वर्षी सातकर्णीला न जुमानता त्याने पश्चिमेकडे सैन्य पाठवलं. सातकर्णी म्हणजे सातवाहन राजा. हे सैन्य 'कण्हबेंणा' नदीपर्यंत गेलं आणि तिथल्या एका नगराला त्याने धाक बसवला, असं लेख सांगतो.

काहींच्या मते ही नदी म्हणजे कन्हान आणि वैनगंगा. भंडारा जिल्ह्यात कन्हान वैनगंगेला मिळते, तिथून प्रवाह खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडे येतो. इतरांच्या मते ती कृष्णा नदी आहे. नगराचं नावही कुणी 'असिक' वाचतं, कुणी 'मुसिक'.

चौथ्या वर्षी रठिक आणि भोजक नमले. यातल्या भोजकांचा संबंध विदर्भाशी जोडला जातो. बाराव्या वर्षी तर मगधचा राजा पाया पडला, असा दावा आहे. ज्या मगधच्या अशोकाने कलिंग जिंकलं होतं, त्याच मगधचा!

म्हणजे त्याने विदर्भ जिंकला?

असं म्हणता येत नाही. लेख खुद्द खारवेलची स्तुती करणारा आहे, तरीही त्यात सातकर्णीला हरवल्याचा दावा नाही. तिसऱ्या वर्षाच्या नोंदीत तर राजधानीतले नाच-गाण्याचे उत्सव आहेत. त्यामुळे ही स्वारी मुलूख घेण्यापेक्षा ताकद दाखवण्यासाठी असावी.

नदीकाठच्या लोकांचं काय झालं, यावर लेख गप्प आहे. म्हणून 'खारवेलने विदर्भ जिंकला' अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा: नदी नक्की कोणती, आणि हे सांगतंय कोण?