हेड उघडल्यावर बोलू

सकाळी 7.30

शटर वर जायच्या आधीच टोइंगची गाडी दारात उभी. जुलैचा पाऊस, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडल्याची बातमी पहाटेच मोबाईलवर येऊन गेलेली. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिला, त्या कोल्हापूरकरांना 43 फूट ही धोक्याची पातळी तोंडपाठ आहे. उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात पाणी शिरत नाही, पण पाण्यात सापडलेल्या गाड्या मात्र न चुकता येतात.

ही पांढरी स्विफ्ट, डिझेल, 2013 ची. मालक निवृत्त शिक्षक, सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, मीही म्हणतो. रात्री जयंती नाल्याकडच्या सखल रस्त्यावर पाण्यात गाडी बंद पडली.

"परत स्टार्टर मारला का, सर?"

"दोनदा. पहिल्यांदा टक् असा आवाज आला. दुसऱ्यांदा तोही नाही."

मी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा काढला. फिल्टर चिंब, तळाला गढूळ पाणी. डिपस्टिक ओढली तर ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाळ.

8.15

पाना लावायच्या आधी विम्याचं विचारून घेतो, हा माझा नेम. विमा पूर्ण असेल तर कंपनीला कळवून सर्व्हेअर येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, नाहीतर दावा अडतो. पूर्ण विम्यातही पाणी शिरलेल्या इंजिनाचा खर्च सहसा बाहेर ठेवतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि दुरुस्तीचा आकडा पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांपुढे गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. सरांचा विमा नुसता थर्ड पार्टी. म्हणजे जे काय होईल ते खिशातून.

"मग अंदाज सांग की."

"हेड उघडल्यावर बोलू, सर. आत्ता जो आकडा सांगेन तो खोटा असेल."

9.00

बॅटरी सोडवली, ग्लो प्लग काढले आणि क्रँकला पाना लावून हातानंच इंजिन फिरवायला घेतलं. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याची चिळकांडी थेट पोराच्या शर्टावर. पोरगं नवीन आहे, त्याला तिथंच उभं करून हिशेब सांगितला. हे 1248 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 312 सीसी. कॉम्प्रेशन साधारण साडेसतराला एक. पिस्टन वर टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जागा उरते जेमतेम 19 सीसीची, चहाच्या चार चमच्यांएवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. चार चमच्यांपेक्षा जास्त पाणी आत असेल आणि पिस्टन वर यायलाच निघाला असेल, तर कुणीतरी वाकणार. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

तिसऱ्याचा रॉड वाकला असणार हे तेव्हाच वाटलं. पण वाटण्यावर मी गिऱ्हाइकाचे पैसे खर्च करत नाही. इंजिन खाली घ्यायला सांगितलं.

11.00

सरांच्या मुलाचा पुण्याहून फोन. "काका, उगाच उघडत बसू नका. सरळ दुसरं इंजिन टाका, दोन दिवसांत मोकळं."

पोराची घाई समजते. आई-वडील इथं एकटे, गाडी दवाखान्याला लागते. पण "दुसरं इंजिन" म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं. बीएस-6 चे नियम आले तेव्हा, एप्रिल 2020 ला, मारुतीनं डिझेल गाड्याच थांबवल्या. त्यामुळे दुसरं म्हणजे जुनंच, कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीतलं. ते किती चाललंय, कुणी कसं वापरलंय, ऑइल वेळेवर बदललंय का, काही कळत नाही. सरांच्या इंजिनाचा प्रत्येक ऑइल बदल माझ्या वहीत आहे. 1 लाख 20 हजार किलोमीटर, शिक्षकाच्या हातचे.

"संध्याकाळी मोजमापं हातात घेऊन फोन करतो," म्हटलं आणि ठेवला.

दुपारी 1.30

हेड निघालं. जेवण थांबवून सगळे भोवती जमले, कारण निकाल इथंच लागतो.

ब्लॉकच्या माथ्यावर डायल गेज बसवला. पहिला पिस्टन फिरवून अगदी वरच्या टोकाला आणला, काटा शून्यावर लावला. मग दुसरा: काटा तिथंच. चौथा: तिथंच, किंचित थरथर. तिसरा वर आणला आणि काटा एक मिलिमीटर खाली थांबला. पुन्हा फिरवून पाहिलं. तेवढाच.

एक मिलिमीटर कमी भरला म्हणजे रॉड वाकला, यात आता शंका नाही. एका मिलिमीटरनं काय होतं असं ज्याला वाटतं त्यानं एवढा हिशेब करावा: पिस्टनच्या डोक्यावरची जागा 19 सीसीवरून पावणेतेवीसच्या आसपास जाते, आणि साडेसतराचं कॉम्प्रेशन पंधराच्याही खाली येतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, तापलेल्या हवेवरच ते पेटतं. अशी गाडी पाणी काढून, ऑइल बदलून चालू होईलही, थंडीत सकाळी धूर काढत रखडेल, आणि वाकलेला रॉड कधीतरी हायवेवर तुटून ब्लॉक फोडून बाहेर येईल. पुराच्या गाड्या नुसत्या वाळवून परत देणाऱ्यांचा मला राग येतो, तो यासाठी.

3.00

उद्यमनगरची खरी ताकद या वेळी कळते. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या काळापासून या भागाला लोखंड समजतं. बोअरिंगवाला दोन गाळे सोडून, क्रँक ग्राइंडिंगवाला समोरच्या बोळात. ब्लॉक हातगाड्यावर टाकून नेला.

बोअर गेज चारही सिलिंडरांत वर, मधे, खाली, उभा आणि आडवा फिरवला. झीज आहे, पण चालण्याइतकी, ओव्हल फारसं नाही. तिसऱ्यात मात्र एका बाजूला उभे ओरखडे. रॉड वाकला की पिस्टन तिरका होऊन भिंतीला घासतो, त्याच्या या खुणा. बोअरिंगवाल्या मिस्त्रींनी चष्मा वर सरकवून अंगठ्याचं नख ओरखड्यांवरून आडवं ओढलं. अडकलं नाही. पुन्हा ओढलं, डोळे मिटून.

"होनिंगवर निघतंय. बोअर मारायची गरज नाही."

नख अडकलं असतं तर चारही बोअर मोठे करून ओव्हरसाईज पिस्टन घालावे लागले असते, आणि हिशेब पालटला असता. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवला, सरळ निघाला. जर्नल मायक्रोमीटरनं मोजले, एकसारखे. उरलेले तीन रॉड जिगवर तपासले, तेही सरळ. ब्लॉक शाबूत, क्रँक शाबूत, हेड शाबूत. हे तिन्ही शाबूत असलेलं इंजिन फेकून देणं मला पाप वाटतं.

4.15

मधेच दुसरं गिऱ्हाईक. गगनबावड्याच्या घाटात ऑइलचा दिवा लागलेला असताना गाडी तशीच वर रेटलेली. खाली वाकून बघितलं तर ब्लॉकला मुठीएवढं भोक, आत रॉडचं टोक दिसतंय. इथं मोजायला काही उरलेलं नाही. "इंजिन बदला," म्हणून मोकळा झालो. असे निर्णय सोपे.

4.45

सरांच्या मुलाला शब्द दिला होता, म्हणून जुन्या इंजिनाचीही चौकशी केली. कुर्ल्याला एका व्यापाऱ्याकडे आहे, 55 हजार. हे इंजिन मूळचं फियाटचं, इकडं पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, पुंटोत आणि इंडिका व्हिस्टातही होतं. म्हणून जुनं मिळतं आणि सुटे भागही मिळतात.

मी चार गोष्टी विचारल्या: जीएसटीचं बिल देणार का, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आहे का, इंजिन नंबरवर घासल्याच्या खुणा आहेत का, आणि फ्लायव्हीलच्या घरात चिखल आहे का. शेवटचा प्रश्न पुरानंतरच्या वर्षांत फार महत्त्वाचा, कारण पाण्यात बुडालेली इंजिनंच धुऊन पुसून बाजारात येतात. पलीकडून "बघून सांगतो" एवढंच आलं. त्यातून इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओकडे आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52. ते न करता गाडी विकायला गेलात की अडकलात.

संध्याकाळी 6.00

सर आले. वाकलेला रॉड आणि सरळ रॉड काचेवर शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी दोन्ही हातात घेतले, डोळ्यांसमोर आडवे धरून पाहिले.

"मुलगा म्हणतोय बदला. तू काय म्हणतोस?"

"सर, गाडीची किंमत आज अडीच लाखांच्या घरात. आरसी 2028 पर्यंत चालतंय. माझं काम 72 हजारांचं: एक रॉड, चारही पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट सेट, टायमिंग चेन, होनिंग, इंजेक्टर तपासणी, टर्बो आणि इंटरकूलर धुऊन. जुनं इंजिन बसवून, वायरिंग-ऑइल धरून 70 च्या आसपासच जाईल. दोन हजारांच्या फरकासाठी तुमचं माहितीतलं इंजिन देऊन बिनओळखीचं घेऊ नका. क्रँक गेला असता तर मीच बदला म्हटलं असतं."

"किती दिवस?"

"आठ. नवा रॉड आला की बाकीच्या तिघांबरोबर ग्रॅमवर तोलून घेतो, त्याशिवाय बसवत नाही."

त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. "आपलंच इंजिन दुरुस्त करायचं ठरलं," एवढंच बोलले आणि ॲडव्हान्सचे पैसे मोजून दिले. सुटे झालेले भाग मी मागून घ्यायला सांगितले. बदललेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकानं बघितलाच पाहिजे.

7.30

पावसाचा जोर वाढलाय, शिरोलीकडच्या हायवेच्या चौकश्या सुरू झाल्यात. 2019 ला आणि 2021 ला तिथंच पाणी येऊन रस्ता बंद पडला होता. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो: पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली परत फिरवू नका, एकदाही नाही. धक्का मारूनही चालू करू नका. खाली उतरा, जमलं तर बॅटरीची वायर सोडवा आणि गाडी ओढून न्या. इंजिन उघडून मोजमाप दाखवल्याशिवाय कुणी आकडा सांगत असेल, तर त्या आकड्यावर हो म्हणू नका.